अपत्यप्राप्तीच्या औषधांची कुळकथा

औषधे ही आपल्या पनवेल-तळोज्याकडच्या माणसाला नवलाची गोष्ट नाही. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलास धूतपापेश्वर कारखान्याचा पाया घातला. आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधे तयार करणे हा तर शेकडो घरांचा चरितार्थ आहे. तरीही औषधांचा एक वर्ग असा आहे की त्याचे नाव चारचौघांत कोणी घेत नाही. मूल होत नाही म्हणून घ्यावयाची ही औषधे. नवस, उपास, गंडेदोरे यांची चर्चा माजघरात उघड चालते. डॉक्टरची चिठ्ठी मात्र पदराआड राहते. आणि दोष कोणाचा हे तपासण्यापूर्वीच ‘वांझ’ हा शब्द सुनेच्या माथी बसलेला असतो. वस्तुतः दोष पुरुषाकडेही असू शकतो. पण त्याला चिकटवावयास आपल्या बोलीत तेवढा धारदार शब्द नाही, यावरून काय ते समजावे!

पुष्कळदा दोष अवयवात नसून निरोपात असतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी आहे. ती रक्तावाटे बीजकोशाला निरोप धाडते, त्या निरोपाने बीज वाढते, पिकते आणि सुटते. वाढत्या बीजाभोवती इस्ट्रोजेन नावाचा स्राव तयार होतो व तो मेंदूला उलट निरोप देतो की आता पुरे. गच्चीवरच्या टाकीतील तरंगता गोळा पाणी वर येताच नळ बंद करतो, तसाच हा प्रकार. या देवघेवीचा तोल बिघडला की पाळी लांबते आणि बीज सुटत नाही.

मग निरोप बाहेरून का देऊ नये? पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांचे बीजकोश उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांची पोष ग्रंथी जणू हाका मारीतच राहते आणि तो स्राव मूत्रावाटे विपुल बाहेर पडतो. रोममध्ये पिएरो डोनिनी यांनी 1949 मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड या शास्त्रज्ञाने त्याचा पाठपुरावा केला, आणि एवढे मूत्र आणावयाचे कोठून हा प्रश्न इटलीतील मठांनी सोडविला. वयस्क जोगिणींनी ते दिले! 1962 साली इस्राएलमध्ये या औषधाने पहिले मूल जन्मले. ज्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळले त्यांच्या देण्यावर दुसऱ्यांचे पाळणे हलले. पुरुषांतही हाच निरोप कमी पडत असेल तर याच जातीची इंजेक्शने देतात, हेही सांगितले पाहिजे.

गोळीची कथा याहून उफराटी आहे. क्लोमिफेन हे द्रव्य 1956 मध्ये अमेरिकेत मेरेल कंपनीत फ्रँक पॅलोपोली यांनी तयार केले. उंदरांत ते गर्भधारणा रोखते असे दिसले, तेव्हा ते संततिनियमनास उपयोगी पडेल अशी आशा होती. पण 1961 साली ग्रीनब्लाट यांनी बीज न सुटणाऱ्या 36 स्त्रियांना ते दिले, तर 28 जणींत बीज सुटले. ते मेंदूला इस्ट्रोजेन कळूच देत नाही. टाकी रिकामीच आहे असे समजून वरचा नळ जोराने सुटतो. आपल्याकडे त्या काळी सारे लक्ष जन्म रोखण्याकडे होते. 1921 मध्ये रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत एकट्याने जे काम आरंभिले, ते 1952 पासून सरकारचे धोरण झाले. ते योग्यच होते. पण ज्यांना एकही मूल नाही त्यांचे गाऱ्हाणे त्या घोषणांत कोणाच्या कानी पडावे?

आता आपल्या देशातील प्रकरणाकडे येऊ. लेट्रोझोल ही गोळी स्तनाच्या कर्करोगावरची. इथून जवळच, खारघरला, टाटा स्मारकाचे कर्करोग केंद्र आहे. तशा ठिकाणच्या डॉक्टरांच्या ती नित्य परिचयाची. ती शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. पाळीच्या आरंभी पाचच दिवस दिली तर तीही बीज सोडविते, असे 2001 मध्ये कॅनडातील मितवल्ली आणि कॅस्पर यांनी दाखविले. 2005 मध्ये एका परिषदेत 150 बालकांची माहिती मांडून व्यंगांची शंका काढण्यात आली. परंतु तुलना सरसकट सामान्य बाळंतपणांशी केलेली, म्हणजे तराजूच वाकडा. पुढल्याच वर्षी 911 बालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. लेट्रोझोलच्या गटात व्यंगे शेकडा 2.4 आणि क्लोमिफेनच्या गटात 4.8, म्हणजे भीती निराधार ठरली.

तरीही ऑक्टोबर 2011 मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी घातली. कर्करोगासाठी ती दुकानात होतीच. सरकारला सर्वस्वी दोष देता येणार नाही. पुरेशा चाचण्यांवाचून परवानगी दिली गेली, असे संसदेच्या स्थायी समितीनेही 2012 च्या अहवालात खडसावले. स्त्रियांवर परस्पर प्रयोग होऊ नयेत हे खरेच. पण चाचण्या नसतील तर त्या करावयाच्या, की दारच लावून घ्यावयाचे? बीजकोशात अनेक लहान गाठी दिसणे, पाळी अनियमित होणे, हा विकार ज्यांना आहे त्यांनाच या गोळीचा सर्वांत अधिक उपयोग, आणि अशा स्त्रिया थोड्या नाहीत.

चाचणी झाली, पण अमेरिकेत. 2014 साली हा विकार असलेल्या 750 स्त्रियांच्या पाहणीचा निकाल आला. लेट्रोझोल घेणाऱ्यांत शेकडा 27.5 जणींना मूल झाले, क्लोमिफेन घेणाऱ्यांत 19.1. भारतातील बंदी उठली ती 2017 मध्ये, म्हणजे निकालानंतरही तीन वर्षांनी. बत्तिसाव्या वर्षी दवाखान्याची पायरी चढलेली स्त्री तोवर अडतिशीच्या उंबऱ्यावर आली होती. 2018 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या विकारातील वंध्यत्वावर पहिले औषध म्हणून लेट्रोझोलचेच नाव आले.