आज्ञावली-संग्रह, सामायिक

एकच कार्य अनेक संगणक-आज्ञावल्यांना वारंवार करावे लागते, तेव्हा त्या कार्यापुरती उपआज्ञावली एकदाच लिहून व तपासून सर्वांच्या उपयोगासाठी ठेवण्यात येते. अशा उपआज्ञावल्यांच्या सुव्यवस्थित संचयास सामायिक आज्ञावली-संग्रह म्हणतात. व्यवहारात त्यास ‘लायब्ररी’ हाच शब्द रूढ आहे. वर्गमूळ काढणे, तारीख वाचणे, नावे वर्णक्रमाने लावणे ही अशा कार्यांची साधी उदाहरणे होत. एखाद्या संस्थेच्या सर्व आज्ञावल्या व त्यांना लागणारे सर्व संग्रह एकाच नोंदभांडारात ठेवण्याच्या पद्धतीस एकसंध भांडार किंवा ‘मोनोरेपो’ असे नाव आहे.

इतिहास : या कल्पनेचा पहिला पद्धतशीर अवलंब इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात झाला. तेथील एड्सॅक हा संगणक मे १९४९ मध्ये कार्यान्वित झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी त्यासाठी उपआज्ञावल्यांचा संग्रह सिद्ध केला व १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या सुमारास संग्रहात ८७ उपआज्ञावल्या होत्या. त्या छिद्रित कागदी फितींवर असत आणि कपाटात ठेवलेल्या असत. ज्याला जी हवी ती फीत तो घेई व तिची यांत्रिक नक्कल आपल्या फितीत उतरवी. या व्यवस्थेने श्रम वाचले. परंतु नक्कल एकदा वेगळी झाली की मूळ फितीतील दुरुस्ती तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नसे. पुढील सर्व पद्धतींचा विकास मुख्यतः ही एक उणीव दूर करण्यासाठी झालेला आहे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली संगणक-बांधणीस १९५४ नंतर प्रारंभ झाला. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये तयार झाले व पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव पंडित जवाहरलाल नेहरू यांनी दिले. त्याच्या स्मृतिकोशात प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. एवढ्या मर्यादित जागेत आज्ञावली व आधारसामग्री दोन्ही बसवावी लागत असल्याने, एकच गणितकृत्य दोनदा लिहिणे परवडण्याजोगे नव्हते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील अनेक संस्थांचे संशोधक एकाच यंत्रावर काम करू लागले. तेव्हापासून काटकसरीबरोबर सामायिकतेचाही प्रश्न पुढे आला.

अमेरिकेत आयबीएम ७०४ संगणकाच्या ग्राहकांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ हा संघ स्थापून आज्ञावल्यांची देवघेव सुरू केली. १९६८ मध्ये गार्मिश (जर्मनी) येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी, कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे आज्ञावल्यांचेही प्रमाणित घटक तयार व्हावेत, असा विचार मांडला. मूळ आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी साधने १९७२ पासून प्रचारात आली. मार्क रॉचकाइंड यांची प्रणाली त्यांपैकी पहिली मानली जाते. लायनस टोरव्हाल्ड्स यांची ‘गिट’ ही प्रणाली २००५ मधील होय.

एकसंध भांडार : प्रत्येक संग्रहाचे भांडार स्वतंत्र ठेवल्यास त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकाच वेळी वापरात राहतात. क हा संग्रह ग ची जुनी आवृत्ती व ख हा नवी आवृत्ती मागत असेल, तर क व ख दोन्ही वापरणाऱ्या आज्ञावलीची बांधणी अडते. एकसंध भांडारात ग ची एकच, म्हणजे चालू, आवृत्ती असते. ती बदलणाऱ्याने तिच्यावर अवलंबून असलेले सर्व लिखाण त्याच वेळी दुरुस्त करावयाचे असते. कुलाब्याचा जुना कापूस बाजार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीच्या ‘कॉटन ग्रीन’ येथे आला. तेथे ठिकठिकाणच्या गाठी एकाच आवारात येत व प्रतवारीचे एकच माप सर्वांना लागू होई. एकसंध भांडाराचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. गूगल कंपनीच्या अशा भांडारात जानेवारी २०१५ मधील गणनेनुसार सु. १ अब्ज फायली व मूळ आज्ञावलीच्या सु. २ अब्ज ओळी होत्या, आणि त्याचा आकार ८६ टेराबाइट होता.

रचना व बांधणी : प्रत्येक संग्रहास स्वतंत्र कप्पा देतात व त्याचे दोन भाग करतात : बाहेरच्यांनी वापरावयाचा दर्शनी भाग आणि आतला भाग. आतला भाग बाहेरून वापरण्यास मज्जाव असल्याने तो निर्धास्तपणे बदलता येतो. कोणता संग्रह कोणावर अवलंबून आहे हे लेखी जाहीर करावे लागते व त्यावरून अवलंबनाचा आलेख तयार होतो. या आलेखात चक्र असता कामा नये. क ला ख व ख ला क लागत असेल, तर आधी कोणाची बांधणी करावी हे ठरत नाही. बांधणी पायाच्या संग्रहापासून वर होत जाते. ज्यांत बदल झाला नाही त्यांची पूर्वीची सिद्ध फळे पुन्हा वापरतात. बदललेला संग्रह व त्यावर अवलंबून असलेले भाग एवढेच नव्याने बांधून त्यांच्या चाचण्या घेतात. २०१५ मध्ये खुले झालेले ‘बेझल’ हे साधन याच तत्त्वावर चालते. प्रत्येक कप्प्याचे पालक नेमलेले असतात व त्यांच्या संमतीवाचून त्यात बदल होत नाही.

मराठीचा संबंध : सामायिक संग्रहाचे महत्त्व मराठी लिपीच्या संदर्भात स्पष्ट दिसते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस व ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. हा भेद रफार व आडव्या रकारावर अवलंबून असून हिंदीत त्याची गरज पडत नाही. प्रत्येक आज्ञावलीकाराने देवनागरी जुळणीचे नियम स्वतः लिहावयाचे म्हटल्यास हा मराठी नियम सुटून जाण्याचा संभव मोठा. ‘हर्फबझ’ या खुल्या संग्रहात तो एकदा लिहिलेला आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड व लिब्रेऑफिस यांना त्याचा लाभ एकत्रच मिळतो. वर्णक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. एका कार्यालयाच्या यादीत ‘क्ष’ तेथे व दुसऱ्याच्या यादीत ‘क’ खाली असेल, तर ‘क्षीरसागर’ हे आडनाव एकीत सापडेल व दुसरीत सापडणार नाही. अशा वेळी माणसाची नोंद असूनही ती नसल्यासारखीच होते.

दोष व जबाबदारी : जे सामायिक त्याचा दोषही सामायिक होतो. ओपनएसएसएल या संग्रहात २०१२ मध्ये शिरलेला दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता धोक्यात होती. त्या संग्रहाची देखभाल मात्र मोजक्याच व्यक्तींकडे होती. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही ११ ओळींची उपआज्ञावली तिच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेताच अनेक ठिकाणच्या बांधण्या बंद पडल्या. एकसंध भांडारात बाहेरच्या संग्रहाची प्रत स्वतःजवळ असल्याने दुसऱ्या प्रकारचा धोका टळतो आणि दोष आढळल्यास तो कोठे कोठे पोहोचला हे तत्काळ कळते. मात्र बांधणीची साधने व चाचण्या यांवर सतत खर्च करावा लागतो. लहान संस्थांना तो भार जड जातो. गुप्त राखावयाचा भाग सर्वांपासून वेगळा ठेवणेही कठीण होते.

संग्रह उभारणे हे तुलनेने सोपे काम आहे. त्याचा पालक कोण, हे ठरवून ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालविणे अवघड असते. पालक नसलेला सामायिक संग्रह काही काळाने सर्वांचा वापर व कोणाचीही देखभाल नाही अशा स्थितीला पोहोचतो, आणि त्यावर विसंबलेल्यांना ते बहुधा तो मोडल्यावरच कळते.