नववीच्या वर्गातला प्रश्न आणि रेव्हरंड टिळक

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. गेल्या वर्षी बारामतीत नववीच्या वर्गात रेव्हरंड ना. वा. टिळकांची जखमी पक्षिणीवरची कविता वाचून दाखवली. वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारले, "सर, रेव्हरंड म्हणजे काय?" मी सांगितले, "ख्रिस्ती धर्मगुरू. टिळक जन्माने ब्राह्मण होते, पुढे ख्रिस्ती झाले." मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, मग इतका रहमदिल माणूससुद्धा दोजखात जाणार का?"

तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण प्रश्न काही सुटला नाही. कारण त्याचे उत्तर मी एकदा, वीस-बावीस वर्षांपूर्वी, फार ठामपणे देऊन बसलो होतो.

तेव्हा मी बी.एड. करत होतो. इंदापूरचा एक मित्र होता. त्याच्या घरी मी इतका राबता ठेवून होतो की त्याची आई माझ्यासाठी वेगळी चटणी करून ठेवायची. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला यायची, तेव्हा ती माउली पहाटेपासून वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापत बसायची आणि मी टोपल्या उचलायचो. एका रात्री कुठल्याशा बयानातून मी नुकताच आलो होतो, डोके तापलेले होते. मित्राला म्हणालो, "तुझी आई कितीही नेक असली तरी कलमा नाही, तर सगळे फुकट." तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "आईला सांगू नकोस हे." त्यानंतर त्याने मला घरी बोलावणे हळूहळू बंद केले. मी दीन सांगायला गेलो होतो. प्रत्यक्षात एका घराचे दार लावून घेऊन आलो.

मुलाच्या प्रश्नानंतर मी टिळकांविषयी पुन्हा वाचायला घेतले. आपला धर्म दुसऱ्याला सांगायचा, पण त्याला गुन्हेगार न ठरवता, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनाही पडला होता आणि त्यांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला होता.

पहिली रीत वादाची. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले. माणूस विद्वान. मराठी शिकले, शाळा काढल्या, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण सुरुवातीच्या काळात त्यांचा भर दुसऱ्याचा धर्म खोटा ठरवण्यावर होता. हिंदू पंडितांशी जाहीर वाद झाले, हिंदू धर्माचे खंडन करणारी पुस्तके 1832 आणि 1834 मध्ये निघाली. हाजी मुहम्मद हाशिम यांना उत्तर म्हणून इस्लामच्या खंडनाचे पुस्तक 1833 मध्ये आले. 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि कितीतरी पालकांनी आपली मुले विल्सनच्या शाळेतून काढून घेतली. आपल्या लोकांनीही उत्तर त्याच सुरात दिले. 1854 मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा मुनाझरा झाला. उर्दू वाचणाऱ्या घरांत आजही त्याची आठवण अभिमानाने निघते. तो अभिमान मलाही आहे. पण मुनाझऱ्यात कोण जिंकले हे सगळे सांगतात, कोणाचे मन वळले हे कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारची. बारामतीहून दौंडमार्गे पुण्याला रेल्वेने जाताना केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्याला आणले. तिथे धर्माचा आग्रह होणार नाही असे ठरलेले होते. रमाबाई मुलींची निंदा करत नव्हत्या, पण स्वतःची प्रार्थनाही दार लावून करत नव्हत्या. काही मुली ओढीने प्रार्थनेला बसू लागल्या. 1893 मध्ये गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली नेल्या. केसरीने झोड उठवली. मला दोन्ही बाजू कळतात. आपली श्रद्धा लपवून जगा असे कोणाला सांगता येत नाही. पण जिच्या हातात आपले अन्न आणि छप्पर आहे, तिचा साधा शब्दही आश्रिताला जड वाटतो. निंदा टाळली म्हणजे सगळे झाले असे नाही. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीकही लागते. मी शिक्षक आहे. वर्गात माझ्या शब्दाचे वजन मुलांच्या शब्दाइतके नसते, हे मला रोज लक्षात ठेवावे लागते.

आता टिळक. 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्या काळी गोरा माणूस डब्यात असला की एतद्देशीयाने अंग चोरून बसायचे. या माणसाने सरकून जागा दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. म्हणजे आधी टिळकांकडे जे होते त्याची कदर केली. उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या घरावर आभाळ कोसळले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्या नगरला टिळकांजवळ आल्या, पण आपले सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्यातले सर्वांत मोठे वाटते ते हे की टिळकांनी घाई केली नाही. स्वभावाने ते तापट होते, लहरी होते, लक्ष्मीबाईंनी ते काही झाकलेले नाही. पण धर्माच्या बाबतीत बायकोला त्यांनी तिच्या पावलांनी येऊ दिले.

दुसरे उदाहरण बालकवींचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात पुढे आले आणि नंतर नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्या पोरावर पोटच्या मुलासारखी माया केली. पाद्र्याच्या घरात राहून ठोमरे हिंदूच राहिले. त्यामुळे त्या मायेत काही उणे आले नाही.

टिळक म्हणत की ते ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. नव्या धर्मात गेलेला माणूस बहुधा मागचे सगळे जाळून टाकतो, म्हणजे आपली निष्ठा दिसावी. टिळकांनी पूल जाळला नाही. ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली, ओवीत 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले, ते अपुरे राहिले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. पण दारात उभे राहून कोण आतला, कोण बाहेरचा याची निवड करायची नाही, हे त्यांनी करून दाखवले. यात त्यांनी ख्रिस्तावरची श्रद्धा पातळ केली नव्हती. लोकांनी ख्रिस्ताकडे यावे असेच त्यांना वाटे आणि ते उघड सांगतही.

कोणी म्हणेल, मुसलमानाने पाद्र्याकडून काय शिकायचे? शिकायचे ते आपल्याच किताबात आहे, आपण विसरलो एवढेच. सूरह नहलमध्ये रबच्या वाटेकडे हिकमतीने आणि चांगल्या नसीहतीने बोलवायला सांगितले आहे, आणि वाद घालायचाच तर उत्तम रीतीने. सूरह अनआममध्ये दुसरे लोक ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या द्यायला मनाई आहे. सूरह गाशियामध्ये तर खुद्द पैगंबरांना सांगितले आहे की तुम्ही आठवण करून देणारे आहात, लोकांवर नेमलेले दारोगा नाही. जे काम त्यांच्याकडे दिले नव्हते, ते मी बाविसाव्या वर्षी इंदापूरच्या एका स्वयंपाकघराबाहेर उभा राहून करत होतो.

तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिल्यांदा थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे आरती होते. तीच पालखी पुढे आमच्या बारामतीत मुक्कामाला येते. लहानपणी अब्बा आम्हाला पाण्याची घागर घेऊन रस्त्यावर उभे करायचे. वारकऱ्याला पाणी देताना त्यांनी कोणाला काही सुनावल्याचे मला आठवत नाही. पण कोणी विचारले तर आपण नमाज का पढतो, हे ते रस्त्यावरच दोन मिनिटांत सांगायचे, आणि ऐकणारा नमस्कार करून पुढे जायचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला उभे केले. म्हणालो, "काल तू विचारलेस ते मलाही माहीत नाही. तो हिशेब अल्लाहचा. मी तुमचा पेपर तपासतो, माणसांचा नाही." तो म्हणाला, "मग सर, आपण काय करायचे?" मी त्यांना रेल्वेच्या डब्यातली गोष्ट सांगितली.

यंदा पालखीच्या दिवसांत मी इंदापूरला त्या मित्राच्या घरी गेलो, बोलावणे नसताना. मावशी आता थकल्या आहेत. भाकऱ्या सून थापते. मी माफी मागायला तोंड उघडले, तर मित्राने डोळ्यांनी गप्प केले. आईला त्याने ते अजून सांगितलेले नाही. मावशींनी विचारले, "इतकी वर्षं कुठं होतास रे?" मी टोपली उचलली.