कलकत्त्याची भुयारी वाट

भारतातील पहिल्या भुयारी रेल्वेची कोनशिला २९ डिसेंबर १९७२ रोजी कलकत्त्यात पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. अपुऱ्या रस्त्यांवर ट्राम, बसगाड्या आणि माणसे यांची इतकी दाटी होती की, नवा मार्ग जमिनीखालून नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु ही भूमी गंगेच्या गाळाची; माती मऊ आणि थोडे खणताच पाणी. म्हणून बहुतेक ठिकाणी रस्ताच उकरून, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उतरवून, मधली माती उपसून वर छत घालण्यात आले. निधीही अपुरा पडला. परिणामी हमरस्ते वर्षानुवर्षे खणलेले राहिले. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा अवघा ३.४ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. दमदम ते टॉलीगंज मार्ग पूर्ण व्हायला १९९५ उजाडले. अनेक वर्षे त्या खड्ड्यांच्या कडेने माणसे कामाला गेली, दुकाने चालली. पुढे २०१९ मध्ये बहूबाजारात दुसऱ्या मार्गाचे भुयार खणताना आत पाणी शिरले आणि वरची घरे खचली. कुटुंबे बेघर झाली. भुयाराची किंमत प्रथम त्याच्या माथ्यावर राहणारेच मोजतात. कोणत्याही शहराने मेट्रो आखताना त्यांचा हिशेब आधी मांडावा, हीच या इतिहासाची शिकवण होय.