पातं फिरंगी, मूठ मराठी

ऑगस्ट 2025मध्ये लंडनहून एक तलवार मुंबईत आली. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची. राज्य सरकारने ती सोदबीजच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपयांना घेतली होती. पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा ही पदवी आहे. मुठीवर कोफ्तगरीचं, म्हणजे लोखंडात सोन्याची तार ठोकून केलेलं काम आहे. आणि पातं आहे युरोपात घडलेलं. बंगालपर्यंत स्वाऱ्या नेणाऱ्या मराठा सरदाराच्या हातात परदेशी पोलाद, हे पहिल्यांदा ऐकताना खटकतं. पण त्या काळी ते कोणाला खटकत नव्हतं. अशा तलवारीला सरळ ‘फिरंग’ म्हणत आणि ती बाळगण्यात प्रतिष्ठा होती.

फिरंगेचं कूळ शोधायला वसईकराला लांब जायला नको. एव्हरशाईन सिटीतून रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की पापडीच्या पुढे किल्ला लागतो. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी होती. गोवा, चौल, वसई अशा बंदरांच्या साखळीतून युरोपचा माल घाटावर चढला, त्यात तलवारीची पातीही होती. पुढे इंग्रजांनीही सुरतेला पाती आणून विकायचा उद्योग केला. जर्मनीतलं झोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतलं जिनोव्हा ही या पात्यांची माहेरं. नामांकित कारागिरांच्या खुणांच्या नकला तेव्हाही सर्रास होत, त्यामुळे पात्यावर कोरलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

आपल्याकडे पोलाद नव्हतं म्हणून ही पाती आली, असं मुळीच नाही. दख्खनचं पोलाद इराणपर्यंत जात होतं. फरक होता तो लांबीचा आणि लवचीकपणाचा. फिरंगेचं पातं सरळ, साधारण 35 ते 38 इंच लांब, वाकवलं तर परत सरळ होणारं. घोड्यावरच्या माणसाला लांब पोच हवी असते, आणि सरळ पात्याच्या खांड्याची परंपरा इथे जुनीच होती. म्हणजे हाताला सवय आधीपासून होती, तिला मानवेल असं पातं बाहेरून मिळालं.

मात्र त्या पात्याची युरोपियन मूठ इथे कोणी ठेवली नाही. कुळकथेतला कळीचा भाग हाच. युरोपात पात्याची मागची अरुंद शेपटी मुठीतून आरपार नेऊन टोकाला ठोकून बसवत. इकडची रीत निराळी. नेहमीच्या तलवारीची लोखंडी मूठ आतून पोकळ असते. तिच्यात राळेचं गरम मिश्रण भरायचं, आखूड शेपटी खुपसायची आणि निवू द्यायचं. मूठ पुन्हा तापवली की पातं सुटतं. वसईच्या केळीच्या वाडीत कोयत्याची मूठ ढिली झाली तर कोयता कोणी टाकून देत नाही, मूठ बदलतात. तलवारीचा हिशेबही तोच होता. पातं मोलाचं, ते पिढ्या ओलांडतं. मूठ धन्याप्रमाणे, ऐपतीप्रमाणे बदलते.

फिरंगेच्या लांब पात्याला नुसती राळ पुरेना. म्हणून तिला खांड्याची मूठ चढवली. या मुठीतून लोखंडाच्या दोन पट्ट्या खाली उतरतात, पात्याच्या दोन्ही अंगांना बिलगतात आणि रिबिटांनी पक्क्या होतात. लवचीक पात्याला बुडाशी ताठपणा येतो तो या पट्ट्यांमुळे. हाताच्या बाजूला रुंद पत्र्याची परज बोटं झाकते. आतून गादी शिवलेली असते, म्हणजे घाव परजेवर बसला तरी बोटांचे सांधे शाबूत राहतात. मुठीच्या मागे तबकडी, आणि तबकडीतून निघालेला बोटभर जाडीचा वाकडा दांडा. चालताना हात टेकायला तो कामी येई आणि निकराच्या घावाला डावा हात त्यावर घालून दोन्ही हातांचं बळ लावता येई. खांड्याच्या जुन्या मुठीला अशी परज नव्हती, ती युरोपियन मुठी पाहून आली असावी असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर युरोपियन मूठ नाकारून तिच्यातली एक चांगली सोय कारागिराने उचलली, एवढंच.

नेहमीच्या तलवारीच्या मुठीबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. संग्रहालयात ती चिमुकली मूठ पाहून लोक म्हणतात, पूर्वीच्या माणसांचे हात लहान असणार. हात लहान नव्हते. परज आणि तबकडी यांच्यामध्ये पंजा घट्ट अडकावा म्हणूनच मूठ आखूड ठेवत. असा अडकलेला हात मनगटातून खुपसायला जात नाही, खांद्यातून ओढून कापतो. वाकड्या पात्याला हवा असतो तो हाच घाव. मुठीचं माप हत्यार कसं चालणार ते ठरवत होतं.

मूठ बदलून हत्यार आपलंसं करायची ही खोड तलवारीबरोबर संपली नाही. अमेरिकेत 1927 साली कोल्ट कंपनीने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. ते कोटाखाली लपावं म्हणून मूठही बारीक होती. लपवायला सोयीची ती मूठ धरायला अडचणीची झाली. चापाच्या कडीमागे पोकळी राहायची आणि मधलं बोट कडीवर आपटायचं. मग ओक्लाहोमा सिटीतल्या टायलरने ती पोकळी भरणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा विकायला काढला. लॉस एंजेलिसच्या पॅकमायरने रबरी मुठी केल्या. कोणी सांबरशिंग बसवलं, कोणी शिंपला. मूळ कंपनीने दिलेली लाकडी मूठ खणात गेली आणि बाहेरची मूठ हातात आली. आज संग्राहक त्या जुन्या बाहेरच्या मुठीच हुडकत फिरतात. लपवण्याचं हत्यार आणि धरण्याचं हत्यार यांची ही ओढाताण तिथे शंभर वर्षांत पुरती मिटलेली नाही.

आपल्याकडे ही दोन्ही कामं दोन वेगळ्या हत्यारांना वाटून दिलेली होती. प्रतापगडाखालचा 10 नोव्हेंबर 1659चा, अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग आठवावा. शिवाजी महाराजांजवळची हत्यारं लपवायची होती: अस्तनीत बिचवा, पंजात वाघनख. वाघनखाला वेगळी मूठच नाही. आडव्या पट्टीच्या दोन कड्या बोटांत गेल्या की बंद पंजा हीच मूठ. पण सोबतच्या जिवा महालाजवळ सभासदाची बखर जी हत्यारं सांगते ती उघडी मिरवायची आहेत: पट्टा, ढाल आणि फिरंग. बखर 1690च्या दशकातली. तेव्हा हा शब्द वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज उरली नव्हती, इतकी फिरंग घरची झाली होती.

पुढे वाद झाले ते पात्यावरून. साताऱ्याच्या छत्रपतींकडच्या भवानी तलवारीचं पातं जिनोव्हाचं असल्याचं ग्रँट डफने 1826च्या आपल्या इतिहासात नोंदवलं. 1875-76मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, तेव्हा कोल्हापूरच्या जेमतेम बारा वर्षांच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून त्याला एक तलवार भेट म्हणून गेली. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही खूण तीनदा उठवलेली आहे, आणि लोखंडी मुठीवर सोन्याची उठावदार फुलवेल. तीच भवानी, असं मानून ती परत आणण्याची घोषणा 1980मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी केली आणि महाराष्ट्रभर चर्चा पेटली. तलवार लंडनलाच राहिली. ती भवानी की शिवाजी महाराजांचीच म्हणून सांगितली जाणारी दुसरी तलवार जगदंबा, हा तंटा इथे सोडवायचा नाही. पण ख्रिस्ती खूण असलेलं पातं फुलवेलीच्या मुठीत निर्धास्त नांदत होतं, हे पाहण्यासारखं आहे. खूण घासून काढावी असं धन्याला वाटलं नाही. ती चांगल्या मालाची हमी होती.

तंजावरच्या शस्त्रागारात परक्या पात्याला आपली मूठ बसवण्याच्या या कलेचं आणखी एक रूप सापडतं. तिथे युरोपियन पात्यांचे तुकडे कट्यारींना बसवलेले आहेत. मोडलेल्या लांब पात्याचा उरलेला भाग छाटायचा, टोक काढायचं आणि कट्यारीच्या आडव्या दांड्याच्या मुठीला जोडायचा. पल्ला गेला, पोलाद वाया गेलं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशजांनी सांभाळलेलं हे शस्त्रागार एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मोडीत काढलं. बरीचशी शस्त्रं भंगारात गेली, वाचलेली जगभरच्या संग्रहालयांत पांगली.

वसईतही 1739च्या मे महिन्यात असाच एक बदल घडला, फक्त धातू वेगळा होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी बाहेर पडली. तलवारी धन्यांबरोबर गेल्या, चर्चच्या घंटा मात्र मागे राहिल्या. त्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाला, भीमाशंकराला आणि वाईजवळच्या मेणवलीला जाऊन टांगल्या गेल्या. ओतीव धातू लिस्बनच्या धर्माचा, कमान आणि साखळी इथली. वितळवून नवी घंटा ओतणं अवघड नव्हतं, पण तसं केलं नाही. परकी वस्तू कुठे धरायची ते ठरवलं की ती आपली होते, हा व्यवहार फिरंगेने आधीच शिकवून ठेवला होता.

मुठी घडवणाऱ्या लोहारांचा आणि पात्याला पाणी देणाऱ्या शिकलगारांचा धंदा 1878च्या शस्त्र कायद्याने बसवला. सुऱ्या, कात्र्या, विळे उरले. परज ठोकायचं काम गेलं ते गेलंच.

एव्हरशाईन सिटीच्या वाचकाला फिरंग प्रत्यक्ष पाहायची तर चर्चगेट लोकल पकडून काळा घोडा इथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन गाठता येईल, सवडीने साताऱ्याचं संग्रहालयही. लांब सरळ पात्याची तलवार दिसली की टोकाकडून पाहायला सुरुवात करू नये. आधी पट्ट्या आणि रिबिटा शोधाव्यात, मग परजेच्या आतली गादी, मग मागचा दांडा. रिबिटांची जुनी बुजवलेली भोकं दिसली तर मूठ एकदा तरी बदललेली आहे असं समजावं. पाटीवर बहुधा एकच शतक लिहिलेलं असतं. ते पात्याचं की मुठीचं, हे तिथल्या माणसाला जरूर विचारावं. फिरंगेला दोन जन्मसालं असतात, आणि ती कोणाची होती ते दुसऱ्यावरून कळतं.