निवृत्तीनंतरचा वेळ आणि रॉबर्ट हॅविगहर्स्ट

अमेरिकेत 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने 65 हे निवृत्तिवेतनाचे वय ठरवले. पुढच्या दोन दशकांत निवृत्ती कारखान्यातल्या कामगाराच्याही वाट्याला येऊ लागली. पोटापाण्याची थोडीफार सोय झाली, तरी हाती आलेल्या रिकाम्या वेळाचे करायचे काय, हे कोडे नवे होते. शिकागो विद्यापीठातले रॉबर्ट हॅविगहर्स्ट (1900–1991) त्याच्यामागे लागले.

हॅविगहर्स्ट मुळात रसायनशास्त्राचे. 1924 मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट मिळवलेले. पुढे ते शिक्षणशास्त्राकडे आणि तिथून मानवी विकासाच्या अभ्यासाकडे वळले. 1954 मध्ये युजीन फ्रीडमन यांच्यासोबत त्यांनी काम आणि निवृत्ती यांच्या अर्थाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पोलाद कामगार, कोळसा खाणकामगार, दुकानांतले विक्रेते आणि डॉक्टर अशा निरनिराळ्या व्यवसायांची तुलना होती. पोलाद कामगाराच्या लेखी काम म्हणजे मुख्यतः पगार. डॉक्टरांचे मात्र कामातच मन गुंतलेले, त्यामुळे ते सोडायला नाखूश. निवृत्ती सगळ्यांना सारखी बोचत नाही, हे इथेच दिसले.

याच दशकात कॅन्सस सिटीत प्रौढांच्या जीवनाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात माणसे फावल्या वेळात काय करतात एवढ्यावर हॅविगहर्स्ट थांबले नाहीत; त्यातून त्यांना काय मिळते, हेही त्यांनी विचारले. बागकाम एकाला निर्मितीचा आनंद देते, दुसऱ्याचा नुसता वेळ घालवते. हा फरक टिपणे ही त्यांची खरी कमाई.

गंमत अशी की याच अभ्यासाच्या सामग्रीवरून इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या संशोधकांनी 1961 मध्ये वेगळाच निष्कर्ष मांडला: वय वाढते तसा माणूस समाजापासून आणि समाज माणसापासून दूर होत जातो, आणि हे स्वाभाविकच आहे. हॅविगहर्स्ट यांचा कल मात्र उतारवयातही कार्यमग्न राहणे हिताचे, या मताकडे होता. त्याच वर्षी बर्निस न्यूगार्टन आणि शेल्डन टोबिन यांच्यासह त्यांनी जीवनसमाधान मोजणारी प्रश्नावली तयार केली. उत्साह, निर्धार, ठरवलेले आणि साधलेले यांचा मेळ, स्वतःविषयीचे मत आणि मनाची प्रसन्नता या पाच गोष्टी तिने पाहिल्या. त्या काळी समाधान मोजायचे म्हणजे धाडसच.

1968 मध्ये या तिघांनी वादाला वेगळे वळण दिले. कार्यमग्न वृद्ध साधारणपणे अधिक समाधानी आढळले. पण आपणहून व्याप आवरून निवांत झालेले समाधानी लोकही होते, आणि सतत धावपळ करूनही अस्वस्थ असणारेही. निर्णायक ठरला तो स्वभाव. मात्र पाहणीतले लोक गोरे आणि बहुतांशी बऱ्या स्थितीतले होते, त्यामुळे गरिबी व आजारपणाचा भार या चित्रात कमीच उतरला.

स्वभावाच्या याच मुद्द्याशी जुळणारा सातत्याचा सिद्धान्त पुढे 1989 मध्ये संशोधक रॉबर्ट ॲचली यांनी मांडला. उतारवयात माणूस आपल्या जुन्या सवयी, छंद आणि नाती जपतच बदलांशी जुळवून घेतो, असे त्याचे सार आहे.