कापसाचे नाव, गावाचे नाव : वर्धा जिल्ह्यातील वसाहतकाळ

वसाहतवाद, दारिद्र्य आणि सांस्कृतिक अस्मिता यांचा परस्परसंबंध तपासताना कॅरिबियन बेटांचा दाखला हटकून पुढे येतो. सी. एल. आर. जेम्स यांचा 'द ब्लॅक जॅकोबिन्स' (१९३८) आणि एरिक विल्यम्स यांचा 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' (१९४४) या ग्रंथांनी त्या बेटांच्या विपन्नतेचा युरोपच्या समृद्धीशी असलेला सांधा उघड केला. मात्र तेथे ऊसही बाहेरून आलेला आणि राबणारे हातही. वर्धा जिल्ह्यात पीक इथलेच होते, कसणारा कुणबीही इथलाच. परिणामी येथील दारिद्र्य 'मूळचेच' वाटू लागते, कोरडवाहू जमिनीच्या आणि लहरी पावसाच्या खाती जमा होते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढण्यात आला. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे ठाणे वसवले गेले आणि त्याला नदीचे नाव मिळाले. त्याच दशकातील जमाबंदीने गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून मालकी हक्क बहाल केले. वसुलीचा अधिकार असलेला माणूस जमिनीचा धनी झाला. ही उलथापालथ कागदावर झाली म्हणून ती कमी हिंसक ठरत नाही.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि दृष्टी हिंगणघाटकडे वळली. तेथील 'बणी' हा लांब, मऊ धाग्याचा कापूस. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे एका प्रतीचे नाव होऊन बसले. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले. सावकाराचे कर्ज तेवढे मागे राहिले.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. शेतकऱ्याला बणीपेक्षा आखूड धाग्याचा, पण रुईचा उतारा अधिक देणारा जाडाभरडा कापूस परवडू लागला, आणि बणी हळूहळू शेतांतून हद्दपार झाली. म्हणजे ज्या वाणाने गावाचे नाव समुद्रापार नेले तो वाण गावातच उरला नाही. या बदलात शेतकरी अडाणी होता असे नव्हे; बाजाराने त्याला शिकवलेला हिशेबच त्याने केला होता. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर १९०१ ची जनगणना झाली, तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

मराठी वाचकाच्या मनातले वर्धा मात्र वेगळे आहे : आश्रम, सूतकताई, नई तालीम. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहावयास गेले. त्यांना वर्ध्यात आणणारे जमनालाल बजाज कापसाच्या पेढीचे वारस होते आणि शेगावच्या मालगुजारीचा मोठा वाटा त्यांचाच होता. चरख्याने कापूस पुन्हा घराच्या ओसरीवर आणू पाहिला. तो प्रयत्न निर्यातीच्या बाजाराला दिलेले उत्तर होते, आणि ते त्याच बाजाराने घडवलेल्या भूमीवर उभे होते. सेवाग्रामला केवळ तपोभूमी म्हणून रंगवणारे लेखन या दुसऱ्या अर्ध्याकडे पाठ फिरवते. त्यात कुणबी आणि शेतमजूर हे सेवेचे विषय म्हणून येतात, इतिहासाचे कर्ते म्हणून क्वचितच.

बुलढाण्याकडील शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये गांधीजींच्या गावाचे नामांतर 'सेवाग्राम' असे झाले. नवे नाव जगभर पोचले. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली. त्या यादीत पाच जिल्हे जुन्या वऱ्हाडातले होते, सहावा वर्धा.