ड्रायव्हरच्या सीटवर

मंडळी, आमच्या गोतावळ्यात सध्या तिघीजणी गाडी शिकताहेत. धाकटी चाळिशीची, थोरली साठीला टेकलेली. तिघी आपापल्या घरात कर्त्या आहेत, बँकेचे व्यवहार बघतात, चार माणसांना कामाला लावतात. पण स्टेअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम फुटतो, असं तिघी सांगतात. त्यावर घरच्यांचं ठरलेलं वाक्य, "या वयात कशाला? या गोष्टी वेळच्या वेळी शिकायच्या असतात."

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आणि जोडीला इतिहासाचे तास घेतले. त्यामुळे 'वेळच्या वेळी' म्हणजे नक्की कधी, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पोहणं, सायकल, झाडावर चढणं या लहानपणी शिकायच्या गोष्टी खऱ्या. मोटार मात्र कायद्यानेच अठरा वर्षांच्या आत शिकता येत नाही. म्हणजे मोटार शिकणारा प्रत्येक माणूस मोठा झाल्यावरच शिकतो. आणि अगदी सुरुवातीला तर सगळेच नवखे होते.

मोटारीतला पहिला लांबचा प्रवास कोणी केला ठाऊक आहे? कार्ल बेंझ यांनी १८८६ साली जर्मनीत आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं. पण गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८मध्ये त्यांची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी काढून निघाली. कुठे? तर माहेरी! मॅनहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर. तेव्हा ती ३९ वर्षांची होती. वाटेत इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दम टाकायची, तेव्हा पोरं उतरून ढकलायची. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा, आणि तो पुढे बसवलाही गेला. मोटार कशी असावी हे ठरवण्यात एका नवख्या चालवणारीचा असा वाटा आहे.

त्यानंतरची पन्नासेक वर्षं पाहिली, तर शिकणाऱ्याची एकेक भीती यंत्रानेच कमी केलेली दिसते. पूर्वी गाडी चालू करायला पुढून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि ते संकट टळलं. गिअर बदलताना दात खडखडायचे, म्हणून दोनदा क्लच दाबायची कसरत करावी लागे. १९२८ साली त्यावरही तोड निघाली. इंग्लंडमध्ये १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली आणि त्याच वर्षी शिकाऊ गाडीवर लाल 'एल' आला. परीक्षेची केंद्रं नव्हती, म्हणून परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनासारख्या ठिकाणी भेटायचे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. मोटार आली ती श्रीमंतांच्या घरी, आणि श्रीमंताची जागा मागच्या सीटवर. चालवायला पगारी माणूस. १९१४च्या कायद्याने देशभर मोटार चालवायला परवाना लागू केला, पण परवाना काढणारा बहुतेक करून नोकरीसाठीच काढायचा. ड्रायव्हिंग ही शिकायची विद्या नव्हती, तो पोटाचा धंदा होता. आणि तो शिकायची पद्धत गुरूच्या घरी राहून विद्या मिळवण्यासारखीच. आधी क्लीनर व्हायचं. गाडी धुवायची, टायर बदलायचं, उस्तादाचा चहा आणायचा, शिव्या खायच्या. दोन-चार वर्षांनी कधीतरी रिकाम्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, "बस." १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली. मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाट चढणाऱ्या त्या 'टाटा-मर्सिडीज' माझ्या पिढीला चांगल्या आठवत असतील. त्या चालवणाऱ्यांपैकी बरेच असेच क्लीनरचे ड्रायव्हर झालेले. १ जून १९४८ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी गेली, तिचे चालक किसन राऊत. एसटीने या धंद्याला गणवेश दिला, पगार दिला, मान दिला. पण तो पुरुषाचा धंदाच राहिला.

भातसानगरला हे मी डोळ्यांनी पाहिलं. धरणाच्या कामासाठी वसलेली ही वसाहत. यांची नोकरी पाटबंधारे खात्यात (आता त्याला जलसंपदा म्हणतात), म्हणून लग्नानंतर मी इथे आले. तेव्हा दिवसरात्र डंपर, रोलर, ट्रक आणि जीप यांची घरघर. वाहनांना तोटा नव्हता, पण वसाहतीतल्या साहेबांपैकी कितीजणांना गाडी येत होती? बोटावर मोजण्याइतक्यांना. साहेबाने जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायचं, हा दंडक. हे शेकडो फेऱ्या जीपमधून फिरले, रस्त्याचा खड्डा न खड्डा यांना पाठ, पण क्लच कुठल्या पायाखाली असतो ते कधी पाहायची गरज पडली नाही. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही शहापूरला बाजाराला जायचं ते एसटीने, नाहीतर प्रकल्पाच्या गाडीत मागे.

आता एक योगायोग पाहा. भातसा धरण १९८३चं. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरचा, त्यातला ७ लाख १७ हजारांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसाचा. आणि त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९८३ला, इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. एकीकडे आमच्या प्रकल्पाच्या जीपांचं काम सरत आलं, दुसरीकडे नोकरदाराची गाडी जन्माला आली.

त्याआधी कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट होती, पण तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मारुतीने आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मारुती घेणाऱ्याला गाडी परवडत होती, ड्रायव्हर परवडत नव्हता! कारकून, शिक्षक, दुकानदार, एलआयसीवाले यांना पहिल्यांदाच स्वतः पुढच्या सीटवर बसावं लागलं. ना क्लीनरची उमेदवारी, ना उस्ताद. महिनाभराचा क्लास आणि थेट रस्त्यावर. मोटार शिकताना घाबरलेला मध्यमवयीन माणूस आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला. म्हणून म्हणते, ही भीती वयाची नाही, बाईपणाचीही नाही. ज्या सीटवर आपल्या घरातलं कोणी कधी बसलं नाही, त्या सीटची ही भीती आहे.

बायकांची वाट दुचाकीवरून गेली. १९७२ साली पुण्यात फिरोदियांची लुना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा. गिअर नाही, किक मारायची सक्ती नाही, साडी नेसून चालवता येते. पुण्यात मुली-बायका स्कूटरवर दिसू लागल्या त्या या गाड्यांमुळे. १९८८मध्ये परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे यांनी रिक्षा हातात घेतली, आणि देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद झाली. पुण्याचं वारं आमच्या शहापूर-मुरबाडच्या बाजूला पोचायला मात्र वेळ लागला.

आमच्या घरी जुनी मारुती आली ती मुलाने घेतलेली. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि गाडी आवरणाखाली दारात उभी राहिली. २००६च्या पावसाळ्यात एका रात्री यांना धाप लागली. शेवटची एसटी केव्हाच गेलेली. ज्यांना गाडी येते अशी दोन माणसं ओळखीची, एक गावाला गेलेला, एकाचा फोन लागेना. जीप मिळायला दोन तास गेले. ते दोन तास दारातली गाडी आणि खुर्चीतला माणूस यांच्याकडे आळीपाळीने बघत मी काढले. सुदैवाने निभावलं. तेव्हा मी ५४ वर्षांची होते. पुढच्याच आठवड्यात नाव घातलं.

क्लासचं नाव सांगत नाही. शिकवणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. तो सारखा ओरडायचा, आणि मी काही करायच्या आत त्याच्या बाजूचा ब्रेक दाबायचा. शिकवण्याच्या गाडीला असे दुहेरी क्लच-ब्रेक असावेच लागतात, तो नियम आहे आणि चांगला नियम आहे. पण शिक्षकाने सगळं आपल्याच पायाने केलं, तर विद्यार्थ्याचा पाय शिकणार कधी? बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलं होतं, की घाबरलेल्या पोरावर ओरडलं की येत असलेलंही त्याच्या डोक्यातून जातं.

खरी शिकवणी झाली ती खात्यातून निवृत्त झालेल्या एका जीपवाल्या मामांकडे. त्यांनी पहिले दोन दिवस गाडी चालूच करू दिली नाही. "बाई, आधी डोळे मिटून पाय ठेवा. डावा क्लच, उजवा ब्रेक, उजव्याचाच अ‍ॅक्सिलेटर." मग वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यांवर पहिला गिअर आणि ब्रेक, पहिला गिअर आणि ब्रेक, आठ दिवस. नंतर चढ. मागच्या चाकाला दगड लावून म्हणाले, "आता गाडी मागं जात न्हाई. क्लच हळूहळू सोडा. गाडीचं नाक उचललं, अंग थरथरलं की समजा तिनं भार घेतला. मग ब्रेक सोडा." तो दगड जाग्यावर आहे एवढ्या भरवशावर माझा पाय हलका झाला. चार दिवसांनी दगड काढला, तरी गाडी मागे आली नाही.

लायसन्सच्या वेळी नियम वाचले (सवय, दुसरं काय!) तेव्हा गंमत वाटली. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला, त्याबरोबरचे केंद्रीय नियम १९८९चे. परीक्षेत काय काय बघायचं त्याची यादी पंधराव्या नियमात आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय, की तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता, पुन्हा चालू करता आली पाहिजे. मामांनी तो नियम वाचलेला असेल असं वाटत नाही. पण शिकवलं अगदी तेच. आणि यादीत 'उमेदवार घाबरत नसावा' असं कलम कुठेही नाही. त्याला गाडी सांभाळता आली पाहिजे, एवढीच अट.

ते बरोबरच आहे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. ज्याला हे ठाऊक असून काहीच वाटत नाही, त्याच्याशेजारी मी बसणार नाही. कसारा घाटात समोरून ट्रक येताना पोटात गोळा येतो तो बरा. तो वेग कमी करायला लावतो, आरशात बघायला लावतो. त्या गोळ्याने पाय गोठू नयेत, यासाठी शिक्षण.

पुढची नऊ वर्षं यांना तपासणीला शहापूरला मीच नेत होते. हे शेजारी बसायचे, जीपमध्ये बसायचे तसेच, आणि खड्डा आला की आधी सांगायचे. आमची जोडी छान जमली होती. त्यांना रस्ता पाठ, मला गाडी येत होती. शेवटच्या वेळीही वाहनासाठी कोणाची वाट बघावी लागली नाही. एवढं मला पुरे आहे.

आता तर आणखी सोपं झालंय. २०१४च्या जानेवारीत मारुती ८०० बंद झाली आणि त्याच वर्षी क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी स्वस्तातली सेलेरिओ आली. २०२१पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. जून २०२३मध्ये सासवड-नीरा मार्गावर अर्चना अत्राम यांनी एसटीचं स्टेअरिंग हाती घेतलं. किसन राऊतांच्या पहिल्या फेरीनंतर बरोबर पंचाहत्तर वर्षांनी!

हँडल गेलं, क्लच गेला. एक गोष्ट मात्र कोणत्याच यंत्राला काढता आलेली नाही, ती म्हणजे मागून हॉर्न वाजवणारा. नियमाप्रमाणे शिकाऊ गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लागतो, कमीत कमी १८ सेंटिमीटर चौरस पाटी. ती पाटी शिकणाऱ्यासाठी नसते, त्याला ठाऊकच असतं आपण शिकतोय ते. ती तुमच्या-माझ्यासाठी असते. तेव्हा मंडळी, पुढे चढावर एखादी 'एल'वाली गाडी बंद पडली, तर अर्धा मिनिट थांबा. हॉर्न वाजवू नका. थोडं अंतर सोडा. मामांच्या दगडाचं काम तेवढ्याने होतं.